हा आदेश कोणाचा?

कडूलिंब | ९ जानेवारी २०२५, रात्री १०.४०

परवा नागपुरात एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूचे दोन संशयित पेशंट असल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी एक बाई मास्क मागायला आल्या. नंदनवनला माझं मेडिकल स्टोअर आहे, तेवीस वर्षं झाली. जुन्या मालातला एक डबा सगळ्यात खालच्या खणात पडून होता. तो काढून धूळ झटकतो तोवर बाजूला बीपीच्या गोळ्यांसाठी उभे असलेले काका म्हणाले, "आता हे कोणी काढलं? विधानसभा तर झाली ना." त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "महापालिका राहिली आहे." दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याची बातमीही याच दिवसांतली. तिच्यावर कोणी काही बोललं नाही. वाघाला मत नसतं म्हणून असेल.

रात्री ते हसणं आठवलं आणि झोप येईना, म्हणून हा धागा.

लॉकडाऊनमध्ये आमचं शटर उघडं होतं. दोन वर्षं काउंटरमागून शहर पाहिलं. माझं मत असं झालंय की लोक नियम पाळत नाहीत किंवा मोडत नाहीत. ते आधी विचारतात, आदेश कोणाचा? उत्तर मिळालं की मग ठरतं.

२०२० चं नागपूर आठवा. दिल्लीत भाजप, मुंबईत महाविकास आघाडी. पालकमंत्री काँग्रेसचे नितीन राऊत. महापालिका भाजपची, महापौर संदीप जोशी. आयुक्त तुकाराम मुंढे, ज्यांचं सत्ताधाऱ्यांशी सुरुवातीपासूनच जमलं नाही. जूनमध्ये भट सभागृहातल्या सभेतून ते उठून गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. शिवाय विरोधी पक्षनेते आमच्याच गावचे, गृहमंत्री काटोलचे. साथ एक आणि कारभारी इतके. आदेशात लिहिलंय काय, हे वाचायच्या आधी खालची सही वाचली जायची.

माझी दोन गिऱ्हाइकं सांगतो. एकाच गल्लीत राहतात. पहिल्याने २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू असा पाळला की दारातलं दूधही आत घेतलं नाही. पाच वाजता थाळी मात्र माझ्या दुकानापर्यंत ऐकू आली. हाच गृहस्थ पुढच्या वर्षी, १५ ते २१ मार्चच्या लॉकडाऊनमध्ये, रोज सकाळी चौकात चहा शोधत फिरे. काय हो, म्हटलं तर, "हा पालकमंत्र्यांचा आहे." दुसरा थाळीला हसला होता, पण उद्धव ठाकरेंचं फेसबुक लाइव्ह झालं की दोन-दोन मास्क. सप्टेंबरात महापौरांनी शनिवार-रविवार जनता कर्फ्यूचं आवाहन केलं, तेव्हा पठ्ठ्या मुद्दाम फुटाळा तलावाला चक्कर मारून आला. दोघांचीही बीपीची गोळी एकच आहे, तीच कंपनी, तोच डोस.

तुमच्या मोहल्ल्यात काय होतं?


तर्रीबाज | ९ जानेवारी, रात्री १०.५२

पहिला नंबर. रुमाल टाकून ठेवतो, सकाळी पोहे खाऊन सविस्तर.

तोवर एक. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी पाचशेच्या दंडासाठी वर्गणी काढली होती. ज्याला पकडलं त्याचा दंड मंडळ भरणार. गणपतीची वर्गणी त्या वर्षी तशीही उरलीच होती.


महालकर | १० जानेवारी, सकाळी ७.१५

कडूलिंबराव, तुमचं लेखन आवडतं, पण इथं गाडी चुकीच्या रुळावर आहे. लोकांनी नियम मोडले ते पोटासाठी. माझ्या मोठ्या भावाचं इतवारीत दुकान आहे. सम-विषमच्या काळात एक दिवस रस्त्याच्या या बाजूची दुकानं उघडायची, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची. भाड्याला आणि नोकरांच्या पगाराला सम-विषम नव्हतं. त्याने समोरच्या दुकानदाराशी समझोता केला. आज तुझ्याकडून माझा माल, उद्या माझ्याकडून तुझा. दोघं वेगवेगळ्या पक्षांचे, हे वेगळं सांगायला नकोच. पोटापुढे झेंडा कोण बघतो?

पक्षाचा चष्मा हा पेन्शन आणि पगारवाल्यांचा शौक होता. तुमची ती दोन गिऱ्हाइकं रिटायर्ड आहेत की नाही ते सांगा.


कडूलिंब | १० जानेवारी, सकाळी ९.०५

महालकर, पकडलंत. दोघंही रिटायर्ड.

पण मग पोटाचा प्रश्न नसलेल्यांनी तरी पाळायला हवं होतं ना? धंदेवाल्याचं मला समजतं. सकाळी चौकात चहा शोधणाऱ्याचं समजत नाही.

पोटाबद्दल माझी वही तुमच्या बाजूने बोलते. रोजची विक्री मी हाताने लिहितो, जुनी सवय. सप्टेंबर २०२० मध्ये मास्कचा दंड दोनशेचा पाचशे झाला, त्या आठवड्यातली मास्कची विक्री मोठ्यांत मोठ्या भाषणानंतरही झाली नव्हती. त्यातही पथक चौकात उभं असेल त्या दिवशी जास्त. एक जण दहाचा मास्क घेऊन चौक ओलांडायचा आणि पलीकडे गेला की हँडलला अडकवायचा. एका दुकानाच्या वहीला कोणी सर्व्हे म्हणू नका, एवढीच विनंती.


सावजी_स्पेशल | १० जानेवारी, सकाळी ११.२०

खरं बोलायचं तर बोला. ५ ऑक्टोबर २०२० ला बार उघडले. देऊळ उघडलं १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. या सहा आठवड्यांत विषाणू बारमध्ये बसत नव्हता का? आम्ही २९ ऑगस्टला घंटा वाजवल्या, त्याला तुम्ही राजकारण म्हणाल. म्हणा. पण टेकडीच्या गणपतीला रस्त्यावरून हात जोडून परत फिरणाऱ्या माझ्या आईला कोणी समजावून सांगितलं नाही की बार का आणि देऊळ का नाही.


तर्रीबाज | १० जानेवारी, सकाळी ११.४१

झालं, धागा बर्डीहून थेट मंत्रालयात गेला. पॉपकॉर्न घ्या.

तरी सावजीभाऊचा प्रश्न बरोबर हाय. महसूल पाहिजे होता, एवढं सरळ सांगितलं असतं तर लोकांनी शिव्या देऊन ऐकलं असतं.

अवांतर: त्या वर्षी मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीलाही परवानगी नव्हती. "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत जिला गावाबाहेर न्यायचं, तीच रोगराईपायी घरात बसली. बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघाले असते तर कोणाकोणाचे निघाले असते, याची यादी मी करून ठेवली होती. दोन्ही बाजूंचे मिळून ट्रक भरला असता.


वैनगंगा | १० जानेवारी, दुपारी ३.३०

मी वाचनमात्र असते, आज लिहिते. मी तेव्हा घरोघरी सर्व्हेला जात होते. वस्तीचं नाव सांगत नाही.

तुम्ही सगळे आदेश पाळणाऱ्यांबद्दल आणि मोडणाऱ्यांबद्दल बोलताय. आमच्यापुढे तिसरा प्रकार होता, दारच न उघडणारा. आत टीव्ही चालू, कुकरची शिट्टी ऐकू येते आणि कडी लावलेली. एकदा एका आजीने खिडकीतून विचारलं, "बेटी, नाव लिहून कोणाला देशील?" सर्दी-खोकल्याचं विचारते म्हटलं, तर म्हणाल्या, "तेच म्हणते. खोकल्याला घरातल्या सगळ्यांची नावं कशाला लागतात?" मार्चपर्यंत सीएए-एनआरसीचं आंदोलन चालू होतं. त्यानंतर महिनाभरात आम्ही रजिस्टर घेऊन दारात. माझ्या हातात थर्मल गन होती, पण त्यांना दिसत होतं रजिस्टर.

आमच्यातल्या एकीला सुचलं. जाड बांधणीचं सरकारी रजिस्टर पिशवीत ठेवलं आणि मुलाची शाळेची वही घेतली, वर फुलपाखराचं चित्र असलेली. रात्री घरी बसून त्यातलं रजिस्टरमध्ये उतरवायचो. दुप्पट काम. पण दारं उघडायला लागली. सगळी नाही. उरलेली उघडली ती तिथले मशिदीतले एक वयस्क गृहस्थ तीन दिवस आमच्यासोबत फिरले तेव्हा. ते काही बोलायचे नाहीत, फक्त आमच्या शेजारी उभे राहायचे.

त्या भागातल्या एका लोकप्रतिनिधीला आम्ही आधी दोनदा विनंती केली होती. त्याने सांगितलं, "मी तुमच्याबरोबर दिसलो तर माझी मतं जातील." नाव घेत नाही. निदान खरं तरी बोलला.

आणि अडाणी म्हणू नका त्यांना. तेव्हा टीव्हीवर रोज काय चाललं होतं आठवा, साथीला धर्म चिकटवला होता. त्याच तबलिगी परदेशी नागरिकांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द केले. ती बातमी किती मिनिटं चालली?


महालकर | १० जानेवारी, दुपारी ४.१०

वैनगंगाताई, लिहीत जा हो. वहीचं वाचून गप्प झालो.


गांधीबाग_जुना | १० जानेवारी, रात्री ९.५५

मी सतरंजीपुऱ्याचा. एप्रिल २०२० मध्ये आमचा भाग आणि मोमिनपुरा सील झाला, बांबू ठोकले. मग गल्लीच्या गल्ली उचलून विलगीकरणात नेली. आज डोक्याने विचार केला तर पटतं की साखळी तोडायला तेव्हा दुसरा उपाय सुचत नव्हता. पण आम्हाला नेलं रात्री, बस दारात लावून, आणि समोरच्या इमारतीतून लोक व्हिडिओ काढत होते. केंद्राचं नाव सांगत नाही. जेवण यायचं, डॉक्टर चांगले होते. आईला तिथे पहिले दोन दिवस तिची डायबेटिसची औषधं मिळाली नाहीत, कारण ती घरी राहिली होती आणि घर सील होतं.

पुढचं सांगतो. सप्टेंबरात आम्ही दुसरीकडे राहायला गेलो होतो. आईला ताप आला. तिने सांगितलं नाही. थर्मामीटर सापडत नव्हता, बायको शोधून थकली. सहाव्या दिवशी ती उठेना तेव्हा ऑक्सिजन ८२ होता. हॉस्पिटलमधून परत आल्यावर तांदळाच्या डब्यात हात घातला तर थर्मामीटर तिथे. तिनेच लपवला होता. म्हणाली, "बस आली असती."

ती वाचली, अजून आहे, मटार सोलत शेजारी बसली आहे. पण कडूलिंबभाऊ, तुमच्या प्रश्नात आमच्यासारख्यांना जागा नाही. आम्ही आदेश कोणाचा ते विचारलं नाही. आम्ही फक्त बस कधी येईल ते बघत होतो.


डॉ. खोडरबर | १० जानेवारी, रात्री ११.३०

मी तेव्हा एका सरकारी रुग्णालयात रेसिडेंट होतो. गांधीबाग, तांदळाच्या डब्यातल्या थर्मामीटरचे भाऊबंद आम्ही रोज बघत होतो. उशिरा येणाऱ्यांत न परवडणारे होते, दुर्लक्ष करणारे होते आणि लपवणारेही होते. लपवणारा शेवटपर्यंत "कालपासूनच ताप आहे" म्हणायचा.

यात नवीन काही नाही, हे जास्त वाईट. १८९७ चं, प्लेगच्या साथीतलं पुणं काढा. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरात घुसून झडत्या घेत, रोगी आणि संशयित दोघांना हलवत. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत कमी शिकतो ते हे की टिळक विलगीकरणाच्या विरोधात नव्हते. पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली आणि सोबत हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय काढायला पुढाकारही घेतला. आणि त्याच साथीत, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. त्यांच्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात लोक येत होते. तिथे झडतीची गरज नव्हती. रोग एक, वर्ष एक, गाव एक. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू केला तोही त्याच १८९७ चा.

आता मूळ धाग्याशी थोडं भांडण. कडूलिंब म्हणतात तसा पक्षीय मास्क बघायचा तर अमेरिकेत. तिथे मास्क हा बिल्लाच झाला. ट्रम्प चारचौघांत मास्क लावून दिसले ते थेट ११ जुलै २०२० ला. ब्राझीलमध्ये बोल्सोनारोंनी साथीच्या ऐन सुरुवातीला, एप्रिलमध्ये, स्वतःच्या आरोग्यमंत्र्याला काढलं, कारण तो लोकांना घरी बसायला सांगत होता. आपल्याकडे मास्कविरोधी पक्षच नव्हता. झाडून सगळे मास्कच्या बाजूने होते, फक्त स्वतःचा हनुवटीवर ठेवून. डिसेंबर २०२० ची पदवीधर निवडणूक आठवा. महापौर स्वतः उमेदवार होते, समोर काँग्रेसचे वंजारी, आणि दोन्हीकडच्या सभा-बैठकांत अंतराचं काय झालं ते नागपूरने पाहिलं. एप्रिल २०२१ मध्ये इकडे बेड नाहीत आणि टीव्हीवर बंगालच्या सभा, हरिद्वारचा कुंभ. माझ्या वॉर्डातल्या एका नातेवाइकाने ते बघत मला विचारलं, "डॉक्टर, आमच्या बापालाच का नेऊ देत नाही गावाला?" मी काय सांगणार होतो?

इंग्लंडमध्ये याचं मोजमाप तरी झालं. पंतप्रधानांचे सल्लागार कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये शेकडो किलोमीटर गाडी चालवत गेले, हे मे २०२० मध्ये बाहेर आलं. लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात त्यानंतर इंग्लंडमधल्या लोकांचा सरकारवरचा विश्वास घसरलेला दिसला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, जिथे सरकार वेगळं, तसा घसरला नाही. न्यूझीलंडच्या आरोग्यमंत्र्याने लॉकडाऊनमध्ये समुद्रकिनारा गाठला, तर त्यांना लगेच खालच्या क्रमांकावर ढकललं आणि जुलैत ते पायउतार झाले. आपल्याकडे कोण पायउतार झालं, या कारणासाठी? उद्या ओपीडी आहे, झोपतो.


सावजी_स्पेशल | ११ जानेवारी, सकाळी ८.३०

डॉक्टर, बंगालचं काढलंत, पण तेव्हा इथे सत्तेत असलेल्यांच्या घरची लग्नंही काढा ना. सोयीने आठवतं तुम्हाला.


डॉ. खोडरबर | ११ जानेवारी, सकाळी ८.४४

काढतो. सगळ्यांचीच. यादी तर्रीबाज यांच्या ट्रकमध्ये आहे.


अनुजा_प | ११ जानेवारी, दुपारी १.१०

इंदोऱ्यातून. दीक्षाभूमीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझे बाबा लहानपणापासून एकही दसरा चुकले नव्हते. १९५६ ला आजोबांच्या खांद्यावर बसून गेले होते, ते काही आठवत नाही म्हणतात, पण सांगतात मात्र दरवर्षी. २०२० ला स्मारक समितीने जाहीर केलं की यंदा कार्यक्रम नाही, घरूनच वंदन करा. जिथे लाखो लोक येतात तिथलं फाटक बंद. मला वाटलं बाबा ऐकणार नाहीत. एप्रिलमध्ये जयंती घरात केली तेव्हा दिवसभर गप्प होते. आता तर धम्मचक्र प्रवर्तन दिन.

त्यांनी सकाळी पांढरा शर्ट घातला, कडक इस्त्रीचा. बैठकीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो मांडला, मेणबत्ती लावली, बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या, आम्ही मागून. मग दारात खुर्ची टाकून बसले. समोरच्या घरातले काकाही तसेच, पांढऱ्या शर्टात, दारात खुर्ची. पूर्ण गल्लीत दोन्ही बाजूंना पांढरे शर्ट बसलेले, जागचा कोणी हलत नाही. एकही पोलीस नव्हता आमच्या गल्लीत.

मी संध्याकाळी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, "वाटलं ना. पण आपल्याच लोकांनी सांगितलं, त्यांना काय आनंद झाला असेल का सांगताना?"

हेच बाबा पालिकेची गाडी भोंग्यावर ओरडत आली की खिडकी लावून घ्यायचे. आणि लशीला पहिले दोन महिने नाही म्हणत होते, कारण सर्टिफिकेटवर पंतप्रधानांचा फोटो. तेव्हा ते माझं ऐकत नव्हते, विहारातल्या एका निवृत्त नर्सबाईंचं ऐकलं.


महालकर | ११ जानेवारी, दुपारी १.५०

पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्राही दोन वर्षं निघाली नाही. आमच्या घरासमोरून जाते, आई फुलं घेऊन उभी असते. तेव्हा मंदिरवाल्यांनीच सांगितलं होतं आणि महालात कोणी हूं की चूं केलं नाही. अनुजाताईंचं वाचून आठवलं. त्याच महालात सम-विषमला मात्र रोज तमाशा. मी पोटाचं म्हणालो होतो, ते अर्धंच होतं बहुतेक.


कडूलिंब | ११ जानेवारी, रात्री १०.१५

गांधीबाग, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी विचारलेला प्रश्न रिकाम्या वेळेचा होता, हे मान्य.

त्या दोन गिऱ्हाइकांचं पुढचं राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये, जिल्ह्यात दिवसाला सात हजारांवर पेशंट निघत होते तेव्हा, पहिला रात्री साडेअकराला शटर वाजवत आला. भावासाठी रेमडेसिवीर. माझ्याकडे नव्हतं, कोणत्याच काउंटरवर नव्हतं, वाटप प्रशासनाच्या हातात गेलं होतं. केंद्राने कमी दिलं की राज्याने मागितलंच उशिरा, यावर टीव्ही तापला होता. त्याने एकदाही विचारलं नाही कोणाचं चुकलं. बरोबर गाडी घेऊन कोण आला होता? तोच दुसरा, फुटाळावाला. दोन मास्क लावून. दोघं मिळून रात्रभर फिरले. इंजेक्शन मिळालं नाही. भाऊ गेला.

आता दोघं बोलतात का, असं विचाराल. बोलतात. राजकारणावर भांडतातही, पूर्वीपेक्षा जास्त.

आणि परवाचे ते विधानसभावाले काका आज आले. खालच्या खणाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यातले चार द्या, छोटे असतील तर दोन छोटे." मी डबा काढला. राहवलं नाही, विचारलं, "काका, आदेश कोणाचा?"

"सुनेचा," म्हणाले. "नातवाला शाळेत सोडायला मी जातो ना. बांधा लवकर, ती गाडीवर थांबली आहे."